उरलेली चकती

तारेच्या दोराचं तोंड कसं बंद करतात हे मी पोळी लाटायच्या आधी शिकले. आजही कुठं लोखंडी दोर ताणलेला दिसला, रस्त्यावरच्या खांबाचा असो की बागेतल्या झोक्याचा, तर माझी नजर आधी त्याच्या फाशावर जाते. सोबतची माणसं पुढं निघून जातात आणि मी मान वर करून उभी. मुलगी म्हणते, "आई, चल ना आता, तो पडत नाही." मी म्हणते, पडत नाही हे तुला कोणी सांगितलं? माझा स्वभावच संशयी, असं घरात सगळे म्हणतात. असेल. पण तो जन्मापासून तसा नव्हता, एका हिवाळ्यात झाला, आणि तेच इथं लिहून ठेवते.

काम समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून आधी ते सांगते. तारेच्या दोराचं टोक वळवून फासा करायचा. फाशाच्या आत पन्हळीसारखी लोखंडी कडी बसवायची, म्हणजे दोर घासून झिजत नाही. मग दोराचे दोन्ही पदर तांब्याच्या एका आखूड नळीतून काढायचे आणि ती नळी पकडीनं दाबायची, इतकी की तांबं तारांच्या पिळात शिरलं पाहिजे. बाजारात त्या नळीला फेरूल म्हणतात, आमच्या घरी नुसतं नळी. आणि पकड म्हणजे खिळे उपटायची नव्हे. आमच्याकडे दोन होत्या. लहान पकड रोजच्या कामाची, आणि मोठी जाड दोरांची, जिचे दांडे माझ्या कमरेला लागत. तिचं काम महिन्या-दोन महिन्यांतून एकदा निघायचं. दाब तीन द्यायचे. पहिला नळीच्या मधोमध, दुसरा फाशाकडं, तिसरा शेपटाकडं. क्रम चुकवायचा नाही. जबडा पूर्ण मिटला की 'टक' असा कोरडा आवाज येतो, सुपारी फुटल्यासारखा. तो आवाज आमच्या ओसरीतून दिवसभर चालायचा आणि आई त्या तालावर स्वयंपाक करायची. वरणाला फोडणी देताना आवाज थांबला तर तिथूनच विचारायची, "काहून थांबले जी? नळ्या सरल्या काय?"

शेवटी लावायची पट्टी. बोटभर लांब, पोलादी, आणि काठाला एक खाच. दाबलेली नळी त्या खाचेतून सरकली तर दाब बरोबर. अडकली तर दाब कमी, तो फासा कापून फेकायचा. पट्टीशी भांडण नाही, असं बाबा म्हणत. बाबा आधी कोळशाच्या खाणीत दोराच्या कामावर होते. तिथं त्यांनी काय पाहिलं ते कधी बोलले नाहीत, पण ते सोडून नागपूरला आले आणि ओसरीत हे दुकान टाकलं. विहिरीत मोटरी टांगायचे दोर, गोदामातल्या चेनपुलीचे दोर, असा माल आमच्याकडून जायचा. पास झालेल्या नळीवर ज्यानं दाबली त्यानं आपली खूण पंचानं ठोकायची. बाबांचं एक टिंब, गुणाबाईचे दोन.

गुणाबाई नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. तेव्हा तिशीची असेल, हाडापेरानं मजबूत, डावखोरी. बारा वर्षं आमच्याकडे होती, म्हणजे मी तीन वर्षांची असल्यापासून. तिला मी मावशी म्हणायची. दांडे दाबताना ती खालचा ओठ दातात धरायची, आणि बोलताना सोडायची नाही कोणालाच. कोणी गिऱ्हाईक ओसरीत येऊन "बाई दाबते काय?" असं विचारलं की म्हणायची, "नाही जी, भाऊ दाबते, मी नुसती हात लावून उभी राहते. तुम्ही वरून लोंबकळून पाहा ना." आई तिला टाकून बोलायची आणि तीही आईला, पण दुपारचा चहा दोघी चुलीपाशी बसून एकत्र प्यायच्या. डब्यात तिच्या ज्वारीची भाकर आणि ठेचा, कधी सुकटीची चटणी. आई नाक मुरडायची आणि मी त्यातलाच घास मागायची.

आता खांडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजायची. त्या दिवशी काम बंद. पकडी, पंच, हातोडे, कानशी, सगळं घासून पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आईनं वडा-भात आणि कढी केलेली असायची, पण पूजा झाल्याशिवाय तोंडात काही नाही. आमच्या घरचा अजून एक नियम होता, बाबांच्या वडिलांपासून चालत आलेला. पुजलेल्या हत्यारांतलं सर्वांत लहान जे असेल ते पूजेनंतर देवाजवळच ठेवायचं, कोजागिरीपर्यंत. उचलायचं नाही. त्यांच्या काळी ती शिवणाची सुई असायची म्हणे, ते गाड्यांच्या जोताची कातडी शिवायचे. आमच्या काळी सर्वांत लहान होती ती पट्टी.

त्या वर्षी घासायचं काम माझ्याकडे आलं. मी पंधरा वर्षांची, आणि वर्षभर मला मोठ्या पकडीला हात लावू देत नव्हते, म्हणून मला तिचीच हौस. चिंच आणि राख घेऊन बसले. दांडे चमकले, जबडा चमकला, पण जबड्यामागच्या दोन बोल्टांच्या खाली काळा मळ दिसत होता. किल्ली आणली, दोन्ही बोल्ट काढले, धुतले, परत घट्ट बसवले. बसवल्यावर एक पातळ चकती उरली, रुपयापेक्षा लहान, कागदासारखी पातळ. पुन्हा उघडायचा कंटाळा आला. पकड तर मिटत होती, उघडत होती. आई आतून ओरडत होती, "आवर वं सुमे, नवमी सरून जाईन." चकती मी कंपासपेटीत टाकली. चकचकीत होती, लहान गोल काढायला बरी. बाबांनी पकड पाटावर ठेवताना फिरवून पाहिली आणि म्हणाले, "आरशावानी केली पोरीनं." मला त्या दिवशी वडे जास्त गोड लागले.

दसऱ्याला गुणाबाई येत नसे. पांढरं पातळ नेसून ती आपल्या माणसांसोबत दीक्षाभूमीवर जायची आणि दुसऱ्या दिवशी पाय सुजवून, खुशीत यायची. त्या वर्षीही तशीच आली. पारशिवनीच्या बाजूचे शामरावजी म्हणून एक शेतकरी होते, गावातल्या सगळ्यांच्या मोटरीचं सामान तेच नेत. त्यांना सहा जाड दोर पाहिजे होते, गव्हाच्या पेरणीआधी. म्हणजे मोठ्या पकडीचं काम. गुणाबाईनं पहिली नळी दाबली आणि थांबली. दुसरा दाब दिला. मग बाबांकडं पाहिलं.

"भाऊ, आवाज बदलला हिचा."

"तेल असन. परवाच पुजली ना."

"तेलाचा आवाज मले मालूम हाय. हा तसा नाही. पट्टी द्या."

"पट्टी देवाजवळ हाय. कोजागिरीले उचलू."

"देवाले कायले लागते पट्टी? त्याले काय नळ्या पास कराच्या हायेत?"

आई आतून हसली आणि मग हसल्याबद्दल स्वतःलाच रागावल्यासारखी म्हणाली, "गुणे, जिभेले हाड ठेव." बाबाही हसत होते. म्हणाले, "बारा वर्षं झाले तुले. तुह्या हातातच पट्टी हाय. दाब."

मी उंबऱ्यावर बसून भूगोलाचा नकाशा काढत होते. आवाज मीही ऐकला. 'टक' नव्हता तो. ओल्या लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा होता. मला तो कळला आणि मी काही बोलले नाही. सहा फासे झाले, त्यांवर दोन-दोन टिंबं पडली, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं माल पारशिवनीला गेला.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपार होती. आई पाटोड्या थापत होती, बेसनाचा आणि सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास ओसरीपर्यंत आला होता. शामरावजी आले ते चप्पल घालूनच ओसरीत आले. आईनं पाण्याचा गडवा पुढं केला, त्यांनी घेतला नाही. आमच्याकडं आलेला माणूस पाणी घेत नाही तेव्हा तो मयताची खबर तरी आणतो किंवा भांडण. त्यांनी खिशातून एक नळी काढली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. तुमचा माल."

मोटर उतरवताना फासा सुटला होता. त्यांचा धाकटा भाऊ विहिरीच्या पायरीवर उभा राहून दोर हातानं सावरत होता. मोटर गेली पाण्यात, आणि जाताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेली. "एक पायरी खाली असता तं डोक्सं गेलं असतं," शामरावजी म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, त्यामुळं जास्तच भीती वाटली.

बाबांनी विचारलं, "तुटला का सरकला?"

"सरकला."

आमच्या धंद्यात यात सगळं येतं. दोर तुटला तर दोराचा दोष. सरकला तर हाताचा. बाबांनी नळी उचलली, खिशातली पट्टी काढली, लावली. अडकली. त्यांनी ती उलटी करून टिंबं पाहिली. दोन. मग गुणाबाईकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यानं आमच्या घरात जे शिरलं ते काही मग लवकर बाहेर गेलं नाही.

"मी अर्धवट दाबत नाही, भाऊ," ती म्हणाली.

"पट्टी तं अडकून राहिली."

"मंग बाकीच्या पाचाईलेही लावा. पकडीलेही पाहा."

शामरावजी म्हणाले, "ते पाच विहिरीत लटकून हायेत. पेरणी चालू हाय, कोण मोटर वर काढते?" बाबा म्हणाले, मी येऊन जातो, तोवर कोणाला खाली उभं राहू देऊ नका. शामरावजी निघून गेले. बाबांनी मोठी पकड भिंतीला टांगली आणि सांगितलं की हिला कोणी हात लावायचा नाही. पारशिवनीला ते दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. "जातो, जातो," म्हणत राहिले. पकड उतरवून एक नळी दाबून पाहायला किती वेळ लागतो? एक मिनिट. ते मिनिट त्यांना आठ दिवस मिळालं नाही. मला आता वाटतं, पकड पाहिली असती तर 'तुह्या हातातच पट्टी हाय' हे स्वतःचं वाक्य त्यांना ऐकावं लागलं असतं. गुणाबाईवर संशय घेणं त्याहून सोपं होतं. पण हे आजचं शहाणपण.

तेव्हा घरात एकेकाचा संशय एकेका दिशेला धावत होता. आई म्हणाली, नळ्याच हलक्या तांब्याच्या आल्या असतील, तो व्यापारी नजर मिळवून बोलत नाही. मग म्हणाली, गुणा दिवाळीत त्या दुसऱ्या दोरवाल्याच्या दुकानासमोर उभी दिसली होती, काहून उभी होती? रविवारी काका आले. ते पाटावर बसून पाटोडीचा रस्सा ओरपत म्हणाले, "नवमीले सारं घर पकडीपुढं हात जोडून उभं होतं, अन् ही तिकडे वस्तीत. तिनं हात जोडले काय पकडीले? नाही. मंग पकड कशी पावन तिले?" बाबांनी मान खाली घालून भात कालवला. आईनं काकांना अजून रस्सा वाढला. आणि मी? खरं लिहायला बसले आहे तर लिहिते. मला ते पटलं. आज त्या वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी माझ्या दुसऱ्या कशाची वाटत नाही.

गुणाबाई रोज येत होती, लहान पकडीवर काम करत होती. बाबा तिची प्रत्येक नळी तिच्या देखत पट्टीतून काढत, एकही अडकत नव्हती, तरी पाहणं थांबत नव्हतं. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि तिच्यावर नजर ठेवायची, कोणी सांगितलं नसताना. ती पाणी प्यायला उठली तर का उठली. नाल्याकडं पाहिलं तर का पाहिलं. एकदा मला तिचा डबा नेहमीपेक्षा जड वाटला. ती हात धुवायला गेली तेव्हा मी तो उघडला, आमच्या नळ्या सापडतील म्हणून. भाकर, ठेचा, आणि केळीच्या पानात बांधलेला गुळाचा खडा. गूळ ती माझ्यासाठी आणायची, हे मी विसरले होते. झाकण लावताना वर पाहिलं तर ती दारात उभी. म्हणाली, "झाली तपासणी? पट्टी लावून पाह्य, भाकर अडकते का." मी पळाले.

त्याच आठवड्यात आईनं तिचा चहाचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली. दांडी तुटलेला, खिडकीत ठेवलेला. असं आमच्या घरी आधी कधी नव्हतं. गुणाबाईनं एक दिवस तो कप पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणाली, मले चहा नको, पित्त होते.

मग तो दिवस. बाबा ओसरीत लहान पकड उघडून साफ करत होते. मी सहज पाहत होते. त्यांनी बोल्ट काढला, पुसला, आणि तळहातावर काहीतरी अलगद घेतलं, देवाचा प्रसाद घ्यावा तसं. पातळ चकती. ती बोल्टाखाली नीट मधोमध ठेवली आणि बोल्ट आवळला. मी विचारलं, "बाबा, ते काय होय?" ते म्हणाले, "हिच्यावरच तं जबडा किती मिटाचा ते ठरते. ही नसली तं वरून मिटल्यासारखा दिसन, आत मिटत नाही." माझी कंपासपेटी मागच्या खोलीत खुंटीवरच्या दप्तरात होती, आणि तिच्यात अशीच एक.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईबाबा एका बारशाला गेले. मी मोठी पकड भिंतीवरून काढली. जुन्या दोराचा तुकडा घेतला, नळी चढवली, एक दांडा जमिनीवर टेकवला आणि दुसऱ्यावर पोटानं लोंबकळले. शेवटपर्यंत. तोच ओला आवाज. तीन दाब दिले, पट्टी लावली. अडकली. बोल्ट खोलले, चकती ठेवली, आवळले. किल्ली दोनदा पायावर पडली. नवी नळी, पुन्हा लोंबकळले. टक. मला रडू आलं ते त्या आवाजानं. पट्टी सरकून पार गेली, लोण्यातून गेल्यासारखी. मग मला पाच विहिरी दिसायला लागल्या, आणि प्रत्येकीच्या पायरीवर कोणीतरी उभं.

मी दोन्ही नळ्या आणि पट्टी फ्रॉकच्या खिशात घातल्या आणि नाल्यापलीकडं गेले. गुणाबाईच्या घरात मी त्याआधी दोनदाच गेले होते. ती रविवारची सुट्टी घेऊन भाकरी थापत होती. भिंतीवर निळ्या चौकटीतला फोटो, खाली पाण्यानं भरलेली पितळी घागर लखलखीत. तिनं बस म्हटलं नाही.

"मावशी, माह्याकडून चकती राहिली. नवमीले. बोल्टाखालची."

तिनं भाकर उलटली. हात पुढं केला. मी दोन्ही नळ्या दिल्या, पट्टी दिली. एक अडकली, एक सरकली. तिनं पुन्हा लावून पाहिली, आणि अजून एकदा. तव्यावरची भाकर जळायला लागली तरी पाहत होती.

"कालपर्यंत डबा उघडून राहिली होती तू माहा."

मी मान खाली घातली.

"आता मले काहून सांगून राहिली?"

"तुले आधी सांगावं वाटलं."

"मी कोण होय वं? तुह्या बापाले सांग. अन् मी समोर असताना सांग. मागून बोलाले तुह्या घरी सारेच हुशार हायेत."

तिनं तवा उतरवला, भाकरीवर टोपलं झाकलं, पदर खोचला आणि माझ्या पुढं चालायला लागली. मी मागं. नाल्यावरच्या फळीवर ती थांबली तेव्हा वाटलं आता माझ्या डोक्यावर हात ठेवेल. तिनं फक्त फळी हलते का ते पायानं पाहिलं.

आईबाबा नुकतेच आले होते, बारशाच्या घुगऱ्या कागदात घेऊन. मी सांगितलं. एका दमात, उभ्या उभ्या. बाबांनी पकड घेतली, चकती काढली, नळी दाबली, पट्टी लावली. चकती घातली, नळी दाबली, पट्टी लावली. दोन्ही नळ्या ओसरीच्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. मला वाटलं आता मार बसेल, आणि खरं म्हणजे मला तो हवा होता. बाबा म्हणाले, "सकाळी सातची गाडी हाय पारशिवनीले."

"मी येते," गुणाबाई म्हणाली. "पण पट्टी माह्या हातात राहीन."

आई आत गेली आणि चहा घेऊन आली. चारही कप एकसारखे. गुणाबाईनं आपला कप वर उचलून, दांडी पाहून, बुड पाहून मग तोंडाला लावला. आई खाली पाहत राहिली.

सकाळी आम्ही तिघं गेलो. पकड पोत्यात गुंडाळून बाबांच्या मांडीवर, कंडक्टरनं तिचंही तिकीट लागेल म्हणून थट्टा केली, कोणी हसलं नाही. गहू बोटभर जमिनीतून वर डोकावत होता. शामरावजींच्या विहिरीवर त्यांचा धाकटा भाऊ काठावर बसला होता, हात फडक्यात बांधलेला. बाबा त्याच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माह्या घरची हाय."

गुणाबाई मागून म्हणाली, "नाव घ्या, भाऊ. घर काय पकड दाबते?"

बाबांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच म्हणाले, "घरची हाय." तेव्हा मी पुढं झाले. म्हणाले, मी पकड घासली, मी चकती विसरली, गुणामावशीनं आवाज ओळखला होता. पट्टी देवाजवळ कोणी ठेवली, कोणी मागितली आणि कोणी दिली नाही, ते मी बोलले नाही. ते बाबांचं होतं, त्यांनीच बोलायचं होतं. मी थांबले. विहिरीत पारवे घुमत होते. बाबा पोत्याची गाठ सोडायला लागले. त्या भावानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुले दोन्ही हात हायेत ना, पोट्टे? मंग नीट दाब." एवढंच.

पाच विहिरी, पाच मोटरी वर काढल्या, पाच फासे कापून नवे केले. दोन बाबांनी दाबले, दोन गुणाबाईनं. पाचव्याला बाबा म्हणाले, "सुमे, ये." मी दांड्यावर लोंबकळले, माझं वजन पुरेना, तेव्हा गुणाबाईचा डावा हात माझ्या हातांवर येऊन बसला, खरबरीत आणि गरम. टक. टक. टक. पट्टी तिनं लावली. मग बाबांनी पंच माझ्या हातात दिला. "तीन टिंबं ठोक." मी म्हटलं, कायले? ते म्हणाले, "उद्या सरकला तं कोणाले धराचं हे समजलं पाह्यजे." शामरावजींनी आमच्या घरी पाणी घेतलं नव्हतं, पण त्यांनी आम्हाला पाणी दिलं. आम्ही प्यालो.

गुणाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं आमच्याकडे होती. पण आमची पट्टी तिनं परत कधी वापरली नाही. लोहाराकडून आपली वेगळी करून आणली आणि कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. पुढच्या नवमीला बाबांनी देवाजवळ पट्टी ठेवली नाही, दाभण ठेवलं. त्यांनी तिची माफी मागितलेली मी ऐकली नाही. आता आमचं दुकान नाही, भाच्याचा कारखाना बुटीबोरीत आहे, तिथं मशीन आहे, बटण दाबलं की नळी दबते. मी एकदा पाहायला गेले होते. पहिला प्रश्न विचारला, "पट्टी कुठं हाय?" तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

बाबा गेले त्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. कानशी, जुना पंच, आणि फडक्यात एक नळी. शामरावजींनी पुढ्यात ठेवली होती ती. दाब डाव्या हाताचा होता, तांब्याची कडा उलट्या अंगाला आलेली. पण तिच्यावर दोन टिंबं नव्हती. कानशीनं घासून काढली होती, आणि घासलेल्या जागी एकच टिंब होतं. बाबांचं.

मी ती नळी किती दिवस घेऊन बसले होते. कधी केलं असेल? फासा सरकल्याच्या त्या आठ दिवसांतच, की नंतर, की म्हातारपणी? आठ दिवसांत केलं असेल तर त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. तांब्यावरचा ओरखडा काही तारीख सांगत नाही.

मागच्या महिन्यात मी ती घेऊन हुडकेश्वरला गेले. गुणाबाई तिथं लेकीकडं असते, तिसऱ्या मजल्यावर, डोळ्यांना कमी दिसतं पण जीभ शाबूत. मी नळी तिच्या हातात दिली. तिनं अंगठा फिरवला. "माहा दाब होय हा." मग अंगठा टिंबावर थांबला. आजूबाजूला दुसरं टिंब शोधत फिरला, पुन्हा त्याच्यावर आला. जुडग्यातली पट्टी तिनं चाचपून काढली, लावली. अडकली.

"कधी केलं भाऊनं हे?"

"मालूम नाही, मावशी."

"तेव्हाच केलं असन तं मले आठ दिवस चोर ठेवलं जाणून." खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तेवढा आवाज येत राहिला. "मागून केलं असन तं…" तिनं नळी माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं तिच्यावर मिटवली, दांडा मिटवायची तशी.

"घेऊन जा. ठेव तुह्यापाशी," ती म्हणाली. "पण देवाजवळ नको ठेवू."